उत्पन्न, आहार आणि कोलेस्टेरॉल : ‘श्रीमंतांचा रोग’ गरिबाच्या घरी कसा आला

हृदयविकार हा सुखवस्तू माणसाचा रोग, ही समजूत आपल्याकडे अजून पुरती गेलेली नाही. तूप, मटण, मिठाई आणि बैठे काम ज्याच्या वाट्याला आले, त्याच्याच रक्तात कोलेस्टेरॉल साचणार आणि त्याच्याच छातीत कळ येणार, असे मानले जाते. कष्टकरी माणूस खातो थोडे आणि घाम गाळतो पुष्कळ. त्याला हे दुखणे कशाला होईल? ही समजूत अगदीच निराधार नव्हती. परंतु तिच्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालेली आहे. रक्ताच्या अहवालातील कोलेस्टेरॉलचा आकडा ही एक गोष्ट, आणि हृदयविकाराने आजारी पडण्याची व मरण्याची शक्यता ही दुसरी. समाजात पैसा येऊ लागला, की पहिला आकडा सुरुवातीला वाढतो. दुसरी शक्यता मात्र आज बहुतेक ठिकाणी उत्पन्न जितके कमी तितकी अधिक असल्याचे दिसते. या दोन रेषा उलट दिशांना का जातात, हे समजले म्हणजे आहार आणि हृदय यांचा बराचसा संबंध उलगडतो.

रक्तातील मेदाचे चार आकडे

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ शरीराला आवश्यक आहे. पेशींची आवरणे, पित्तरस, काही संप्रेरके आणि ड जीवनसत्त्व यांच्या निर्मितीसाठी तो लागतो, आणि त्याचा मोठा भाग शरीर स्वतःच, मुख्यतः यकृतात तयार करते. तो पाण्यात विरघळत नसल्यामुळे रक्तातून प्रथिनांच्या वेष्टनात वाहून नेला जातो. यांपैकी ‘एलडीएल’ हे कण धमन्यांच्या भिंतीत शिरून साचतात, तेथे दाह निर्माण करतात आणि वर्षानुवर्षे थर चढवत राहतात. ‘एचडीएल’ कण शिल्लक कोलेस्टेरॉल परत यकृताकडे नेतात. ‘ट्रायग्लिसराइड’ हा इंधन म्हणून साठवला जाणारा मेद. प्रयोगशाळेच्या अहवालात या तिन्हींबरोबर चौथा आकडा असतो तो एकूण कोलेस्टेरॉलचा.

खाण्याशी या आकड्यांचा संबंध असल्याचा पहिला ठळक पुरावा रशियन संशोधक निकोलाय अनिचकोव्ह यांनी १९१३ मध्ये दिला. सशांना कोलेस्टेरॉलयुक्त आहार दिल्यावर त्यांच्या धमन्यांत माणसासारखेच थर दिसले. सशाचे शरीर शाकाहारासाठी घडलेले असल्यामुळे तो निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लागू पडत नाही. अंड्यातील किंवा कोळंबीतील कोलेस्टेरॉल बहुतेक माणसांच्या रक्तातील आकडा फारसा हलवत नाही. तो हलवतात ते संपृक्त मेद आणि ट्रान्स मेद. यकृतातील पेशींवर एलडीएल कण टिपून घेणारे ग्राहक असतात. त्यांचा शोध लावल्याबद्दल मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आहारात संपृक्त मेद वाढला, की या ग्राहकांचे काम मंदावते आणि एलडीएल रक्तातच फिरत राहते. काही घराण्यांत हे ग्राहक जन्मतःच सदोष असतात; अशा माणसांना आहार कितीही सांभाळला तरी औषधाची गरज पडते.

लोणी, साय, चरबीयुक्त मांस आणि चीज हे पदार्थ विसाव्या शतकाच्या मध्यास युरोप-अमेरिकेतील भरल्या घरांत रोजचे होते. त्या काळी तेथे हृदयविकार खरोखरच वरच्या वर्गात अधिक आढळत असे, आणि ‘श्रीमंतांचा रोग’ हा शब्दप्रयोग तेथूनच आपल्याकडे आला. मात्र तेथील चित्र लवकरच पालटले.

लंडनच्या कचेऱ्यांतील धडा

लंडनमधील ‘व्हाइटहॉल’ भागातील सरकारी कचेऱ्यांत १९६७ पासून सुमारे १८ हजार पुरुष कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीचा पाठपुरावा सुरू झाला. यांतील कोणीही बेकार नव्हता, कोणी उपाशी नव्हता, आणि सर्वांना सरकारी आरोग्यसेवा मोफत होती. तरीही मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार सर्वांत खालच्या श्रेणीतील, म्हणजे शिपाई वर्गातील पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वोच्च श्रेणीतील अधिकाऱ्यांच्या साडेतीनपट होते. कोलेस्टेरॉलचा आकडा मात्र वरच्या श्रेणीत किंचित जास्तच होता! धूम्रपान, रक्तदाब, वजन आणि व्यायामाचा अभाव हे सारे खालच्या श्रेणीत अधिक होते, हे खरे. पण ते सर्व हिशेबात धरल्यावरही तफावतीचा मोठा भाग उरला. कामावर स्वतःचा ताबा नसणे, मिळकतीची चिंता, बालपणीची हलाखी अशी कारणे पुढच्या संशोधनात तपासली गेली.

दरम्यान श्रीमंत देशांतील कोलेस्टेरॉलच उतरू लागले. १९८० ते २०१८ या काळातील, २०० देशांतील दहा कोटींहून अधिक लोकांच्या मोजमापांवर आधारलेला एक अहवाल २०२० मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. वायव्य युरोप, उत्तर अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात घातक कोलेस्टेरॉल घटले, तर पूर्व आणि आग्नेय आशियात ते वाढले. श्रीमंतांनी आहार बदलला आणि ‘स्टॅटिन’ वर्गातील औषधे घेतली. पैसा आला की प्रथम तूप-लोणी येते. तो आणखी स्थिरावला, की डॉक्टर, तपासणी, फळे आणि सकाळचे फिरणे येते. या दोन टप्प्यांमध्ये जो समाज सापडतो, त्याचे हाल होतात. भारताचा मोठा भाग आज तेथेच उभा आहे.

स्वस्त उष्मांक, महाग पोषण

केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या घरगुती खर्च पाहणीनुसार ग्रामीण कुटुंबाचा दरडोई मासिक खर्च सरासरी ३,७७३ रुपये, तर शहरी कुटुंबाचा ६,४५९ रुपये होता. ग्रामीण खर्चातील सुमारे ४६ टक्के रक्कम खाण्यावर जाते. लक्षणीय बाब अशी, की धान्याचा वाटा ५ टक्क्यांच्याही खाली आला आहे, आणि पेये व तयार खाद्यपदार्थ यांचा वाटा साडेनऊ टक्क्यांच्या वर गेला आहे. म्हणजे खेड्यातले घरसुद्धा तांदूळ-गव्हापेक्षा बिस्किटे, फरसाण, चहा आणि बाहेरचे खाणे यांवर अधिक पैसे घालवते. स्वस्त धान्य दुकानातून मिळणारे धान्य आता मोफत असल्याने पोट भरण्याची चिंता बऱ्याच अंशी मिटली. डाळ, भाजी, फळे, मासे, दूध हे मात्र बाजारभावानेच घ्यावे लागते, आणि महिन्याची शेवटची तारीख जवळ आली, की ताटातून पहिली कात्री यांनाच लागते.

ही कात्री किती खोल जाते याचा अंदाज १७-१८ देशांत चाललेल्या ‘प्युअर’ या दीर्घ अभ्यासातून येतो. एका माणसाला दिवसाकाठी दोन वाट्या फळे आणि तीन वाट्या भाज्या असे साधारण प्रमाण धरले, तर श्रीमंत देशांत त्याला कौटुंबिक उत्पन्नाचे दोन टक्केही लागत नाहीत. अल्प उत्पन्नाच्या देशांत, ज्यांत त्या वेळी भारताची गणना होती, तोच खर्च उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक भरला. जागतिक आरोग्य संघटना दररोज किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या खाण्यास सांगते. हा सल्ला ऐकणाऱ्याच्या खिशाचा विचार त्यात नाही.

तेलाची गोष्ट वेगळी आणि अधिक गुंतागुंतीची आहे. करडई, सूर्यफूल, शेंगदाणा यांच्या तेलांत असंपृक्त मेदाचे प्रमाण जास्त असते. पाम तेलात जवळजवळ निम्मा मेद संपृक्त असतो, आणि ते सहसा सर्वांत स्वस्त असल्यामुळे हातगाड्या, फरसाणचे कारखाने, बिस्किटे आणि खानावळी यांचा आधार तेच आहे. महाराष्ट्रात २०२२ च्या दिवाळीत शिधापत्रिकाधारकांना शंभर रुपयांत जो शिधा देण्यात आला, त्यात रवा, चणाडाळ आणि साखर प्रत्येकी एक किलो व एक लिटर पाम तेल होते. सणाला गरिबाच्या घरी फराळ व्हावा, हा हेतू रास्तच; पण चणाडाळ सोडली तर हृदयाच्या दृष्टीने त्या पिशवीत घेण्यासारखे फारसे नव्हते. वनस्पती तुपाचा काळा अध्याय मात्र बराचसा मिटला आहे. त्यातील ट्रान्स मेद एलडीएल वाढवतो आणि एचडीएल घटवतो, म्हणजे दुहेरी नुकसान करतो. भारतात तेल व मेद पदार्थांतील ट्रान्स मेदाची मर्यादा जानेवारी २०२१ मध्ये ३ टक्के आणि जानेवारी २०२२ मध्ये २ टक्के करण्यात आली. एकाच कढईत तेच तेल पुनःपुन्हा तापवल्याने होणारी हानी या नियमाच्या बाहेरच राहते.

‘नॉर्मल’ आकड्यामागे

गरिबाच्या ताटाचा खरा प्रश्न बहुधा मेदाचा नसून पिष्टाचा आहे. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीच्या २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आहारविषयक भागानुसार भारतीय माणसाच्या आहारातील ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात. त्यांतील बराचसा भाग पांढरा तांदूळ, पीठ आणि साखर यांचा. प्रथिनांचा वाटा १२ टक्क्यांच्या आसपास. गरजेपेक्षा जास्त पिष्ट यकृतात गेले, की त्याचे मेदात रूपांतर होते; रक्तात ट्रायग्लिसराइड वाढतात, एचडीएल उतरते, आणि एलडीएल कण लहान व दाट होतात. असे कण संख्येने जास्त असतात, पण त्यांतील प्रत्येकात कोलेस्टेरॉल कमी असल्याने अहवालातला एलडीएलचा आकडा फारसा वाढलेला दिसत नाही.

याच पाहणीच्या पहिल्या टप्प्यात तामिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड आणि चंडीगड येथील लोकांचे रक्त तपासले गेले. २०१४ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले लोक होते १४ टक्क्यांच्या आसपास, एलडीएल वाढलेले सुमारे १२ टक्के. पण एचडीएल कमी असलेले होते तब्बल ७२ टक्के. चारपैकी निदान एक आकडा बिघडलेल्यांचे प्रमाण ७९ टक्के भरले. केवळ ‘कोलेस्टेरॉल किती?’ एवढेच विचारून समाधान मानणाऱ्या देशाला हा हिशेब अस्वस्थ करणारा आहे.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या पुरुषाच्या अहवालात एकूण कोलेस्टेरॉल १८०, एचडीएल ३२, ट्रायग्लिसराइड २४० आणि एलडीएल १०० असे आकडे आहेत (सर्व मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर). एकूण २०० च्या खाली आहे, एलडीएल सीमेवर आहे. घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. परंतु एकूण आकड्यातून एचडीएल वजा केले, तर १४८ उरतात. ही वजाबाकी सर्वसाधारण माणसात १३० च्या खाली असावी, असे मानले जाते. धमनीत साचू शकणाऱ्या सर्व कणांचा अंदाज तिच्यात येतो, तिला वेगळा खर्च नाही, आणि तरीही ती फार थोड्या घरांत केली जाते.

आईच्या उपासमारीचा वारसा

उत्पन्नाचा परिणाम एका आयुष्यापुरता राहत नाही, हे दाखवणारे काम पुण्याजवळच्या खेड्यांत झाले आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये तेथील गर्भवती स्त्रिया आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास सुरू केला. ही बाळे सरासरी २.७ किलो वजनाची भरली; इंग्लंडमधील साउथॅम्प्टनची बाळे ३.५ किलोची होती. बाळे बारीक होती, स्नायू कमी होते, पण त्वचेखालचा मेद त्या मानाने टिकून होता. ‘बारीक पण मेदयुक्त’ अशा या भारतीय बाळाचे वर्णन २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी कमी जन्मवजन आणि प्रौढपणीचा हृदयविकार यांचा संबंध त्याआधीच दाखवला होता.

याचा व्यावहारिक अर्थ असा. शेतात राबणाऱ्या, पुरेसे न खाणाऱ्या आईचा मुलगा शिकतो, शहरात किंवा कारखान्यात नोकरीला लागतो, दुचाकी घेतो, दोन वेळा पोटभर भात-चपाती खातो. त्याचे शरीर टंचाईसाठी घडलेले असते. मिळालेली सुबत्ता ते पोटावरच्या मेदात, मधुमेहात आणि बिघडलेल्या ट्रायग्लिसराइडमध्ये साठवते. दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांत तो ५९ च्या सुमारास, असे ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात आढळले. ही सहा वर्षे कुटुंबाच्या कमाईच्या ऐन भरातली असतात.

गोव्याच्या ताटात

दरडोई उत्पन्नात देशातील अग्रणी राज्यांत गणला जाणारा गोवा या दृष्टीने धोक्याचे ठिकाण आहे. आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ च्या निष्कर्षांत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के आढळले. देशाची सरासरी ११.४ होती. मधुमेही माणसाचे एलडीएल ‘साधारण’ असले तरी त्याच्या धमन्यांना धोका जास्त असतो, म्हणून त्याच्यासाठी मर्यादाही अधिक कडक ठेवल्या जातात.

गोमंतकीय आहाराला सरसकट दोष देणे मात्र अन्यायाचे ठरेल. बांगडे आणि तारले यांत ओमेगा-३ मेदाम्ले भरपूर असतात. ती ट्रायग्लिसराइड कमी करतात, आणि इसवण-पापलेटापेक्षा हे मासे स्वस्तही असतात. प्रतिष्ठेच्या माशाकडे धाव घेणाऱ्याला हृदयाच्या दृष्टीने जास्त काही मिळत नाही. हुमणात शिजवलेला आणि रव्यात घोळून तेलात तळलेला बांगडा यांत मात्र फरक पडतो. उकडे तांदूळ पांढऱ्या सुरती तांदळापेक्षा काहीसे हळू पचतात. कोंड्याची पोय मैद्याच्या पावापेक्षा बरी, अर्थात तिच्यात खरोखर कोंडा असेल तर. अळसांदे, मूग, चवळी यांची उसळ हा स्वस्तात स्वस्त प्रथिनांचा आणि तंतूंचा मार्ग. कडधान्यांतील विद्राव्य तंतू आतड्यात पित्ताम्लांना बांधून ठेवतात, आणि नवे पित्त करण्यासाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल ओढून घेते. पावसाळ्यातील खाऱ्या माशांचा आणि लोणच्यांचा प्रश्न मिठाचा आहे. तो कोलेस्टेरॉलला नव्हे, रक्तदाबाला भिडतो.

वादाचा विषय आहे तो नारळ. खोबरेल तेलातील सुमारे ९० टक्के मेद संपृक्त असतो. ते ‘हृदयाला उत्तम’ असल्याचा प्रचार अलीकडे जोरात चालतो, पण प्रत्यक्ष आहार-प्रयोगांच्या २०२० मधील एकत्रित विश्लेषणात इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एलडीएल सुमारे १० मिलिग्रॅमने वाढल्याचे दिसले. एचडीएलही थोडे वाढले. मात्र त्या वाढीने हृदय वाचते, असे सिद्ध झालेले नाही. पूर्वी नारळ खाणारा माणूस दिवसभर शेतात, होडीत किंवा माडावर असे आणि त्याच्या ताटात तळणीचे पदार्थ सणालाच येत. आमटीतला थोडा नारळ तसाच राहू द्यावा, पण फोडणी आणि तळण दोन्ही खोबरेलात करण्याचा आग्रह सोडावा, एवढे या पुराव्यातून निघते.

आकडा कमी, मृत्यू जास्त

आता दुसऱ्या रेषेकडे. ‘प्युअर’ अभ्यासाचे १७ देशांतील दीड लाखांहून अधिक लोकांविषयीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान वगैरे धोक्यांची एकत्रित गुणसंख्या श्रीमंत देशांत सर्वाधिक आणि गरीब देशांत सर्वांत कमी होती. हृदयविकाराच्या गंभीर घटना व मृत्यू यांचा क्रम मात्र नेमका उलटा. धोका कमी असलेली माणसे अधिक मरत होती, कारण उच्च रक्तदाब असल्याचे त्यांना माहीत नव्हते, औषध चालू नव्हते आणि रुग्णालय दूर होते. याच अभ्यासानुसार, एकदा झटका किंवा पक्षाघात येऊन गेलेल्यांपैकी स्टॅटिन घेणारे श्रीमंत देशांत ६६.५ टक्के होते, तर गरीब देशांत ३.३ टक्के.

देशाच्या आतले अंतरही तितकेच बोलके आहे. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. डेनिस झेवियर आणि सहकाऱ्यांनी ५० शहरांतील ८९ रुग्णालयांत दाखल झालेल्या २०,४६८ हृदयरुग्णांची नोंद केली आणि २००८ मध्ये ती मांडली. गरीब रुग्णांपैकी ३६ टक्क्यांना, तर श्रीमंतांपैकी ६१ टक्क्यांना कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध मिळाले होते. अँजिओप्लास्टी झाली ती गरिबांत २ टक्क्यांची, श्रीमंतांत १५ टक्क्यांची. तीस दिवसांत दगावलेले गरीब ८.२ टक्के आणि श्रीमंत ५.५ टक्के. या नोंदींतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी येते: मिळालेल्या उपचारांतील फरक हिशेबात धरल्यावर मृत्यूंतील ही तफावत नाहीशी झाली. गरिबाचे हृदय जन्माने वेगळे नव्हते. त्याला मिळालेला उपचार वेगळा होता.

त्यानंतर काही अडसर कमी झाले. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवून दिली. अटोर्व्हास्टॅटिन आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे आणि जनऔषधी केंद्रांतील त्याची गोळी एका चहापेक्षा महाग पडत नाही. गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी परिघातील सरकारी रुग्णालये जोडून, झटक्याच्या रुग्णाला जवळच गुठळी विरघळवणारे औषध देण्याची व्यवस्था आहे. सत्तरी किंवा काणकोणच्या माणसाला त्यामुळे बांबोळी गाठेपर्यंत उपचारासाठी थांबावे लागत नाही. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये पहिली मेद-तपासणी वयाच्या अठराव्या वर्षीच करावी, असे सुचवले. त्यासाठी आता बहुतेकांना उपाशी राहण्याचीही गरज मानली जात नाही.

वेळेचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. झेवियर यांच्या नोंदींत लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंत रुग्णांना लागलेला मध्यम वेळ सहा तासांचा होता, आणि गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा खरा लाभ पहिल्या काही तासांतच असतो. रोजंदारीवरचा माणूस दिवसाची मजुरी बुडू नये म्हणून छातीतली जळजळ ‘गॅस’ समजून सोडा पितो आणि संध्याकाळपर्यंत काम ओढतो. घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात उतरणारी कळ, धाप, मधुमेहींमध्ये तर कळ न येता नुसता थकवा, ही सारी झटक्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी दुचाकीवर मागे बसून निघण्याऐवजी १०८ वर फोन करावा, कारण त्या रुग्णवाहिकेसाठी पैसे पडत नाहीत आणि उपचार वाटेतच सुरू होऊ शकतो.